चाई आणि रक्ताचे रिपोर्ट: कोणती तपासणी, कधी आणि कशासाठी

"ओ ताई, चाई वाढत चाललीय का कमी होतीय, ते रक्तातनं कळंल अशी टेस्ट कुठली?" कोल्हापुरात राजारामपुरीत मी ज्या लॅबमध्ये रक्त काढते, तिथे हा प्रश्न सारखा येतो. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा कुठल्यातरी 'हेअर पॅकेज'ची लांबलचक यादी असते आणि डोक्याला रुमाल किंवा टोपी.

उत्तर सरळ आहे. चाईचा, म्हणजे गोल चट्ट्यात केस जाण्याच्या आजाराचा, जोर मोजणारी रक्ततपासणी आजघडीला नेहमीच्या लॅबमध्ये मिळत नाही. तरीही चाईच्या माणसाला रक्त तपासावं लागतं, पण त्याची कारणं वेगळी आहेत: सोबत दुसरा एखादा आजार आहे का, केस उगवायला लागणारं लोह-जीवनसत्त्व अंगात आहे का, आणि चालू असलेलं औषध अंगाला सोसतंय का. रिपोर्टमधला प्रत्येक आकडा यातल्या कोणत्या कारणासाठी आहे हे माहीत असलं की पैसे वाचतात आणि घाबरगुंडीही उडत नाही. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय त्वचारोगतज्ज्ञांचाच. पण सुईच्या या बाजूला उभं राहून जे दिसतं ते नव्याने चाई झालेल्यांसाठी लिहिते आहे.

रक्तात का दिसत नाही

चाई, म्हणजे अ‍ॅलोपेशिया अरियाटा, हा ऑटोइम्यून आजार आहे, म्हणजे यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्या अंगावर उलटते. साधारण शंभरातल्या दोघांना आयुष्यात कधी ना कधी तो होतो. केसाच्या मुळाला एरवी एक संरक्षण असतं, रोगप्रतिकारक पेशी तिकडे फिरकत नाहीत. ते संरक्षण ढळलं की टी-लिंफोसाइट या रोगप्रतिकारक पेशी मुळाभोवती गोळा होतात. कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर मुळाभोवती मधमाश्यांचं मोहोळ बसल्यासारखं दिसतं. केस गळतो, पण मूळ मरत नाही. म्हणूनच चाईत केस परत येऊ शकतात, कधीकधी काही वर्षांनंतरसुद्धा.

ही सगळी लढाई कातडीत काही मिलिमीटर खोलीवर चालते. रक्तात तिचे पडसाद फारसे उमटत नाहीत. संधिवाताच्या माणसाचा सीआरपी (अंगातला दाह दाखवणारा आकडा) बघून डॉक्टरांना आजाराचा अंदाज येतो. चाईत सीआरपी आणि दाहच दाखवणारा ईएसआर बहुधा नॉर्मलच येतात. इंटरफेरॉन गॅमा, इंटरल्युकिन-१५, सीएक्ससीएल-१० अशी रोगप्रतिकारक पेशींच्या निरोप्या द्रव्यांची नावं तुम्ही वाचली असतील. त्यांच्यावर संशोधन चालू आहे. रुग्णांच्या गटाची सरासरी निरोगी गटापेक्षा जास्त निघते, पण एकेका माणसाचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की तुमच्या एका रिपोर्टवरून काही ठरवता येत नाही. असा महागडा रिपोर्ट कुणी सुचवला तर एवढंच विचारा: "हा आकडा जास्त आला तर उपचार बदलणार का?" उत्तर 'नाही' असेल तर रक्त देऊ नका.

पहिली पायरी: आधी चाईच आहे ना, हे पक्कं करा

लॅबमध्ये येण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. पदवी पाहून जा. केसांच्या 'क्लिनिक'च्या पाट्या शहरात पुष्कळ झाल्यात. खासगीत परवडत नसेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, त्वचारोग विभाग आहे. सकाळी लवकर केसपेपर काढा.

डॉक्टर डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून चट्टा पाहतात. चट्ट्याच्या कडेला मुळाशी बारीक आणि टोकाला जाड असे तुटके केस, काळे ठिपके, पिवळे ठिपके दिसले तर चाई जोरात आहे असं ते सांगू शकतात. कडेचे केस हलके ओढून किती हाताला येतात हेही बघतात. आजाराचा ताजा जोर कळायची खरी जागा ही आहे. डॉक्टर नखंही बघतील. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील तर ते चाईशी जोडलेले असू शकतात.

लहान मुलांच्या डोक्यावर खवले धरलेला चट्टा असेल तर तो बुरशीचाही असू शकतो आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. ताप, बाळंतपण किंवा मोठ्या आजारपणानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून केस गळतात तेही वेगळं. ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं.

आपल्याकडे चाईला 'केसांना कीड लागली' म्हणतात. कीडबीड काही नसते. लसूण चोळून कातडी भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. गुंजांचा लेप लावायचा सल्लाही अजून दिला जातो. गुंजेच्या बियांत अ‍ॅब्रिन नावाचं जहाल विष असतं. फुटलेल्या कातडीवर ते लावू नका, आणि घरात लहान मूल असेल तर त्या बिया घरात ठेवूच नका.

दुसरी पायरी: डोकं मोजा

ही पायरी लोक टाळतात आणि नेमकी तीच सगळ्यात कामाची आहे. डॉक्टर 'सॉल्ट स्कोअर' काढतात, तो समजून घ्या. डोक्याचे चार भाग धरायचे: माथा ४० टक्के, मागची बाजू २४, उजवी १८, डावी १८. प्रत्येक भागातला किती हिस्सा उघडा पडलाय ते पाहायचं. समजा मागच्या बाजूचा पाव भाग गेला, तर २४ चा पाव म्हणजे ६. उजव्या बाजूचा निम्मा गेला, म्हणजे ९. बेरीज १५. हा तुमचा स्कोअर. नव्या औषधांच्या चाचण्यांत ५० किंवा त्याहून जास्त स्कोअरला तीव्र चाई धरलं गेलं आणि तो २० किंवा त्याखाली आला की उपचार लागू पडला असं मानलं गेलं. भुवया, पापण्या, दाढी या बेरजेत येत नाहीत; त्यांची नोंद वेगळी ठेवा. कानामागून मानेच्या वरपर्यंत पट्ट्यासारखी पसरलेली चाई जास्त चिवट असते, तीही वेगळी लिहा.

महिन्यातून एकदा फोटो काढा. जागा तीच, खिडकी तीच, केस कोरडे. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि वरून. चट्ट्याशेजारी शाळेची पट्टी धरा, म्हणजे पुढच्या महिन्यात तुलना करता येईल. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे रोज आरशात बघून हाती फक्त काळजी लागते. सुरुवातीला पांढरी, बारीक लव आली तर घाबरू नका. पुष्कळांचे केस आधी पांढरे उगवतात आणि मग रंग धरतात.

तिसरी पायरी: पहिल्या खेपेला काय तपासायचं

एकच नाण्याएवढा चट्टा आणि बाकी तब्येत ठणठणीत असेल तर काही डॉक्टर एकही रक्ततपासणी सांगत नाहीत. ते टाळाटाळ करतायत असं समजू नका. अशा लहान चट्ट्यांतले पुष्कळसे वर्षभरात आपोआप भरून येतात.

चट्टे जास्त असतील, घरात थायरॉइड, कोड किंवा मधुमेह असेल, किंवा थकवा, वजनात बदल, पाळीची गडबड अशी लक्षणं असतील, तर यादी साधारण अशी होते.

थायरॉइड सगळ्यात आधी. चाई असलेल्यांमध्ये थायरॉइडचे ऑटोइम्यून आजार इतरांपेक्षा जास्त आढळतात. त्यासाठी टीएसएच (थायरॉइडला चालवणारं संप्रेरक), गरज पडली तर फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक), आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं). इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त रडारड या एका ओळीवरून होते. अँटी-टीपीओ वाढलेला आणि टीएसएच नॉर्मल, असा रिपोर्ट आला तर त्याचा अर्थ पुढे थायरॉइड बिघडण्याची शक्यता जास्त आहे, म्हणून टीएसएच वर्षातून एकदा तरी बघत राहा. अँटी-टीपीओ परत परत मोजायची गरज नाही. तो चारशेचा तीनशे झाला म्हणून चाई सुधारली असं होत नाही आणि पाचशे झाला म्हणून बिघडलीही नाही. टीएसएच खरोखर बिघडलेला असेल तर गोळी घ्यायलाच हवी, ती तब्येतीसाठी. त्या गोळीने चाईचे चट्टे भरतीलच असं मात्र नाही.

मग सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि फेरिटिन. सीबीसीत हिमोग्लोबिन कळतं, फेरिटिनमध्ये साठवलेलं लोह. हिमोग्लोबिन बरं असूनही फेरिटिन तळाला गेलेल्या बायका आमच्याकडे रोज येतात. प्रौढांमध्ये १५ च्या खाली फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता नक्की. केसांसाठी ते ४० हवं की ७०, यावर डॉक्टरांत एकमत नाही. पण फेरिटिनची एक खोड लक्षात ठेवा: ताप, संसर्ग किंवा अंगात कुठेही दाह असेल तर ते खोटं वाढतं. सर्दीतापात तपासलेलं 'नॉर्मल' फेरिटिन धरून चालू नका. आणि पुरुषाचं फेरिटिन कमी आलं तर नुसती लोहाची गोळी घेऊन गप्प बसू नका. मूळव्याध, पोटातला अल्सर, कुठूनतरी रक्त जातंय का हे शोधावं लागतं.

व्हिटॅमिन डी आणि बी-१२ आपल्याकडे कमी निघणं नवलाचं नाही. चाईच्या रुग्णांमध्ये डी कमी असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय. डी घेतल्याने चाईचे केस येतात हे मात्र पक्कं सिद्ध झालेलं नाही. २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर हाडांसाठी घ्या, केसांना फायदा झाला तर वरकमाई. साठ हजार युनिटची ती आठवड्याची पुडी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरतीच. वर्षभर घेत राहणारी माणसं भेटतात. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. मांसाहार न करणारे आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे यांनी बी-१२ जरूर बघावं.

साखर: उपाशीपोटीची किंवा एचबीए-१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. पुढे स्टेरॉइड सुरू व्हायची शक्यता असेल तर आधीचा आकडा हाताशी हवा. लोह फार कमी असेल तर एचबीए-१सी थोडी फुगलेली येऊ शकते, म्हणून दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचायला डॉक्टरांना सांगा.

एएनए, म्हणजे ल्युपससारख्या ऑटोइम्यून आजारांसाठीची तपासणी, सरसकट करू नका. सांधेदुखी, उन्हात चेहऱ्यावर पुरळ, तोंडात वारंवार फोड असं काही असेल तरच. निरोगी माणसांतही एएनए कमी प्रमाणात पॉझिटिव्ह येतो आणि मग ल्युपसच्या भीतीने घरदार झोपत नाही. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत एकाएकी टक्कल पडायला लागलं आणि सेलेनियम या खनिजाची चर्चा झाली, तेव्हापासून ती तपासणीही लोक मागतात. तो सगळा प्रकार वेगळा होता. एकेका माणसाच्या गोल चट्ट्यासाठी सेलेनियम मोजायचं कारण नाही.

चौथी पायरी: रक्त द्यायच्या दिवशी

केसांसाठीच्या गोळ्या घेताय का, हे काउंटरवर आपणहून सांगा. त्यांत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं, पुष्कळदा ५ ते १० मिलिग्रॅम. रोजची गरज आहे ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. इतकं बायोटिन रक्तात असलं की काही मशीनवर टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो. थायरॉइड ठीक असलेला माणूस रिपोर्टवर थायरॉइड वाढलेला रोगी बनतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा. मात्रा फार मोठी असेल तर किती दिवस आधी थांबायचं ते डॉक्टरांना विचारा. गोळीचं पाकीटच घेऊन या, नाव आठवत बसायला नको.

उपाशीपोटी यायची गरज फक्त साखर आणि चरबीच्या तपासणीला. गारगोटी, राधानगरीहून पहिल्या एसटीने काहीही न खाता लोक येतात आणि यादीत असतं काय, तर टीएसएच, सीबीसी, फेरिटिन, डी, बी-१२. यातल्या एकालाही उपास लागत नाही. खाऊन या, चक्कर येऊन पडू नका. मात्र उपाशीपोटीची साखर असेल तर गंगावेशीतलं कट्ट्यावरचं दूधही नको, बिनसाखरेचा चहाही नको. पाणी भरपूर प्या. नस लवकर सापडते.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या. टीएसएच पहाटे-सकाळी जास्त आणि दुपारी कमी असतो, म्हणून दर वेळी साधारण एकाच वेळेला या. लॅबही शक्यतो तीच ठेवा. दोन मशीनचे आकडे थोडे वेगळे येतात आणि लोक त्या फरकालाच सुधारणा समजतात. लॅब बदललीच तर आकड्यापुढचं एकक वाचा: व्हिटॅमिन डी एका ठिकाणी २० नॅनोग्रॅम आणि दुसरीकडे ५० नॅनोमोल असेल, तर ते एकच आहे.

रक्त काढताना जांभळ्या टोपणाच्या नळीत, म्हणजे बल्बमध्ये, सीबीसी आणि एचबीए-१सीचं रक्त जातं. तो बल्ब भरल्यावर हळूच उलटसुलट करावा लागतो, नाहीतर रक्त गोठतं आणि तुम्हाला परत बोलवावं लागतं. प्रत्येक बल्बवर तुमचं नाव तुमच्यासमोर लिहून घ्या. तो तुमचा हक्क आहे, कुणाला राग येणार नाही.

पाचवी पायरी: औषध सुरू झाल्यावर

आता रक्ततपासणी टाळून चालत नाही. नुसतं मलम किंवा चट्ट्यात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं असतील तर सहसा रक्त लागत नाही. पोटात औषध गेलं की लागतं.

आठवड्यातले लागोपाठ दोन दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या, ही पद्धत आपल्याकडे बरीच वापरली जाते. त्यावर साखर आणि रक्तदाब बघा. स्टेरॉइडने पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. तो आकडा संसर्गाचाच असेल असं नाही, पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सोडूही नका.

मेथोट्रेक्सेट हे रोगप्रतिकारशक्ती दाबणारं औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. डब्यावर ठळक अक्षरात वार लिहून ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या कुणालातरी तो माहीत असू द्या. त्यासोबत सीबीसी, लिव्हरचे एन्झाइम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी): सुरुवातीला काही आठवड्यांच्या अंतराने, मग साधारण तीन महिन्यांनी. गरोदरपणात हे औषध चालत नाही. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

जॅक इनहिबिटर गटातलं बॅरिसिटिनिब जून २०२२ मध्ये अमेरिकेत प्रौढांच्या तीव्र चाईसाठी मंजूर झालं, रिटलेसिटिनिब जून २०२३ मध्ये बारा वर्षांपुढच्यांसाठी. आपल्याकडे टोफॅसिटिनिबही वापरतात. या गोळ्यांनी खूप माणसांना केस परत दिलेत, आणि त्याच रोगप्रतिकारशक्ती दाबतात. म्हणून सुरू करण्याआधी टीबी, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सीबीसी, लिव्हर, क्रिएटिनिन आणि लिपिड (रक्तातली चरबी) बघतात. टीबीची तपासणी आपल्या देशात औपचारिकता समजू नका. अंगात झोपलेला टीबी या गोळ्यांनी जागा होऊ शकतो. मॅन्टू, म्हणजे टीबीसाठी कातडीत टोचून करायची तपासणी, करणार असाल तर टोचलेली जागा ४८ ते ७२ तासांत दाखवावी लागते. गुरुवारी-शुक्रवारी टोचून घेऊ नका, रविवार आडवा येतो. लहानपणीच्या बीसीजी या टीबीच्या लसीमुळे मॅन्टू खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. इग्रा या रक्ततपासणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही.

गोळी सुरू झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी लिपिड परत बघतात, कारण कोलेस्टेरॉल वाढू शकतं. हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी घसरत नाहीत ना, हेही डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना. बरं वाटतंय म्हणून तारीख चुकवू नका. पांढऱ्या पेशी घसरल्या तरी अंगाला काही जाणवत नाही. ताप हटत नसेल, अंगावर नागीण उठली, एक पाय सुजून दुखायला लागला किंवा छातीत दुखून दम लागला, तर रिपोर्टची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

सहावी पायरी: परत कधी

लोह सुरू केलं तर फेरिटिन तीन महिन्यांनी. थायरॉइडच्या गोळीची मात्रा बदलली तर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी. डी तीन महिन्यांनी एकदा, मग गरजेपुरतं. सगळं नॉर्मल आलेलं असेल आणि पोटात कुठलंही औषध नसेल, तर दर महिन्याला रक्त द्यायचं काही कारण नाही. नवा चट्टा दिसला की लोक धावत लॅबमध्ये येतात. त्यापेक्षा त्या दिवशी फोटो काढा आणि डॉक्टरांची वेळ घ्या.

शाळकरी मुलांच्या आईवडिलांना एक सांगायचंय. पोराला दर महिन्याला सुईसमोर बसवून त्याच्या मनात आपण काहीतरी भयंकर आजारी आहोत हे पक्कं होतं. त्याच्या वर्गशिक्षकांशी बोला, चाई संसर्गजन्य नाही आणि टोपी घालून बसू द्या, एवढं सांगा. त्याचा फायदा बऱ्याच तपासण्यांपेक्षा जास्त होतो.

एक साधी वही करा. एका पानावर तारीख, सॉल्ट स्कोअर, भुवया-पापण्यांची नोंद. समोरच्या पानावर रक्ताचे आकडे, लॅबचं नाव, त्या दिवशी ताप होता का, कोणत्या गोळ्या चालू होत्या. डॉक्टरांकडे जाताना ही वही, फोटो आणि औषधांच्या पट्ट्या सोबत न्या. पट्ट्या रिकाम्या असल्या तरी चालतील, मागचं नाव आणि मात्रा वाचता आली म्हणजे झालं.